भरवशाच्या म्हशी आणि खाणीतले पक्षी

‘भरवशाच्या म्हशीला टोणगा’ ही म्हण आपण बहुतेक वेळा कोणाची तरी चेष्टा करायला वापरतो. हमखास पन्नास मारणारा फलंदाज शून्यावर बाद झाला की ती आठवते. पण नीट पाहिलं तर या म्हणीत एक अवघड प्रश्न दडलेला आहे. म्हशीने रेडीच होईल असं वचन कोणालाही दिलेलं नव्हतं. भरवसा मालकाने ठेवला, हिशेब मालकाने मांडला, आणि टोणगा झाल्यावर बोल मात्र म्हशीला. भरवसा ठेवणं ही कोणाची जबाबदारी? ठेवणाऱ्याची, की ज्याच्यावर ठेवला त्याची?

मी सॉफ्टवेअर लिहून पोट भरतो. त्यामुळे हा प्रश्न मला गोठ्यापेक्षा फोनच्या पडद्यावर जास्त भेटतो. तुम्हीही आत्ता हे कुठल्यातरी ब्राउझरमध्ये वाचत असाल. प्ले स्टोअरमध्ये जाऊन ‘क्रोम’ शोधा. नेहमीच्या चिन्हाशेजारी आणखी तीन भावंडं दिसतील: बीटा, डेव्ह आणि पिवळ्या रंगाची कॅनरी. फायरफॉक्स शोधलंत तर बीटा आणि नाइटली दिसतील. ही त्याच ब्राउझरची अजून शिजत असलेली रूपं. कॅनरी आणि नाइटली जवळजवळ रोज नव्याने तयार होतात. काल रात्री कुणी प्रोग्रॅमरने लिहिलेला कोड आज सकाळी तुमच्या हातात. त्यातलं जे टिकतं ते पुढे बीटात जातं आणि तिथेही टिकलं तर काही आठवड्यांनी सगळ्यांच्या ‘स्टेबल’ आवृत्तीत येतं.

कोणीही अडवत नाही, पैसे पडत नाहीत. एक बटण दाबलं की झालं. मग ते दाबावं का? आणि दाबून त्यावरच आपला सगळा कारभार चालवावा का? हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि बरेचसे घोटाळे ते एकच समजल्यामुळे होतात.

आधी नावाबद्दल. कॅनरी हा छोटा पिवळा पक्षी. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जॉन स्कॉट हाल्डेन या शास्त्रज्ञाने सुचवलं की कोळशाच्या खाणीत उतरताना असा छोटा प्राणी सोबत न्यावा. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. माणसाला कळेपर्यंत उशीर झालेला असतो. पण पक्ष्याचं शरीर लहान आणि श्वासाचा वेग जास्त, त्यामुळे विषाचा परिणाम त्याच्यावर आधी दिसतो. पक्षी दांडीवरून कोसळला की माणसं बाहेर पळायची. ब्रिटनमधल्या खाणींतून हे पक्षी हटवून त्यांच्या जागी यंत्रं आणायचा निर्णय झाला तो थेट १९८६ साली.

म्हणजे कॅनरी या नावात कुठलीही फसवणूक नाही. ते नाव सांगतंय, तुमचा उपयोग तुम्ही आधी कोसळण्यात आहे. फरक इतकाच की पक्ष्याला कोणी विचारलं नव्हतं आणि तुम्ही स्वतःहून पिंजऱ्यात शिरता.

आता वापरणं आणि विसंबणं यातला फरक. मराठीत यासाठी छान शब्द आहेत. आपण एखादी गोष्ट वापरतो, तिच्यावर विसंबतो, तिच्यावर भिस्त ठेवतो आणि तिच्यावर विश्वास टाकतो. यातली प्रत्येक पायरी आधीच्या पायरीपेक्षा खोल आहे. अ‍ॅनेट बायर या तत्त्वज्ञ बाईंनी १९८६ साली विश्वासावर एक प्रसिद्ध निबंध लिहिला. त्यात त्या म्हणतात की नुसतं विसंबणं तुटलं तर आपण निराश होतो, पण विश्वास तुटला तर आपल्याला दगा झाल्यासारखं वाटतं. उदाहरण त्यांनी कांटचं दिलंय. त्याच्या फिरायला जाण्याच्या वेळा इतक्या पक्क्या, की शेजारी त्यावर आपलं घड्याळ लावू शकत. एखाद्या दिवशी कांट झोपून राहिला तर शेजाऱ्यांची पंचाईत होईल, पण ‘कांटने आम्हाला फसवलं’ असं ते म्हणू शकणार नाहीत. कारण कांटने त्यांना वेळ सांगायचं कधी कबूलच केलं नव्हतं.

कॅनरी वापरणाऱ्याची अवस्था त्या शेजाऱ्यांसारखी आहे. तो विसंबू शकतो. दगा झाला असं मात्र म्हणू शकत नाही.

आणि विसंबण्याची किंमत नेमकी काय असते? ब्राउझर मध्येच बंद पडणं ही त्यातली सगळ्यात किरकोळ गोष्ट. खरा धोका परतीच्या वाटेचा. ब्राउझर तुमचे बुकमार्क, पासवर्ड, इतिहास एका प्रोफाइलमध्ये साठवतो. नवी आवृत्ती त्या साठ्याची रचना बदलते. मग तुम्ही ‘नको बाबा हे’ म्हणून जुन्या आवृत्तीकडे परतलात, तर तिला ती नवी रचना वाचता येईलच असं नाही. माहिती बिघडूही शकते. म्हणूनच मे २०१९ मध्ये फायरफॉक्स ६७ पासून प्रत्येक आवृत्तीला स्वतंत्र प्रोफाइल मिळू लागलं आणि नव्या आवृत्तीत वापरलेलं प्रोफाइल जुन्या आवृत्तीत उघडायला गेलं की ब्राउझर अडवू लागला. त्याशिवाय अशा कच्च्या आवृत्त्या आपल्या वापराबद्दलची माहिती पक्क्या आवृत्तीपेक्षा सहसा जास्त प्रमाणात परत पाठवतात. पाठवणारच. त्यासाठीच तर त्या आहेत. पक्ष्याकडे कोणी पाहिलंच नाही, तर त्याला खाली नेण्यात अर्थ काय?

तर मग हिशेब सोपा वाटतो. इशारा लिहिलेला आहे, तुम्ही सज्ञान आहात, दाबलंत बटण, भोगा फळ. पण इथेच मला खडा लागतो. ‘आम्ही आधीच सांगितलं होतं’ या वाक्याने जबाबदारी खरंच संपते का?

जीमेल आठवा. १ एप्रिल २००४ रोजी ती सुरू झाली ती ‘बीटा’ म्हणून. तो शब्द तिच्या चिन्हाखालून गेला जुलै २००९ मध्ये. पाच वर्षं! त्या काळात कोट्यवधी लोकांनी नोकरीचे अर्ज, प्रेमपत्रं, बँकेची पत्रं तिच्यावरून पाठवली. ज्या गोष्टीवर जग चालतंय तिला ‘अजून चाचणी चालू आहे’ म्हणत राहणं म्हणजे हॉटेल पूर्ण क्षमतेने चालवायचं आणि दारावर ‘ट्रायल चालू’ अशी पाटी ठेवायची. गिऱ्हाइकाला बाधलं तर बोट पाटीकडे दाखवायचं.

उलट बाजूचंही उदाहरण आहे. नेटस्केप हा एकेकाळचा ब्राउझरांचा राजा. मायक्रोसॉफ्टशी स्पर्धेत मागे पडल्यावर त्याने आपला कोड सर्वांसाठी खुला केला आणि मोझिला प्रकल्प सुरू झाला. जवळजवळ सगळं नव्याने लिहिलं जात होतं. नोव्हेंबर २००० मध्ये कंपनीने ‘नेटस्केप ६’ बाजारात आणला. तो उभा होता मोझिला ०.६ च्या कोडवर. खुद्द मोझिलाने आपल्या कामाला १.० हा आकडा लावला तो जून २००२ मध्ये. म्हणजे ज्याला बनवणारे अजून पाऊणही झालं नाही म्हणत होते, तेच पूर्ण म्हणून लोकांच्या हाती दिलं गेलं. तो संथ होता, अडखळत होता, आणि जे निष्ठावान लोक इतकी वर्षं थांबले होते त्यांचीही निराशा झाली. जीमेलच्या बाबतीत पिकलेल्या आंब्याला कैरी म्हटलं गेलं, इथे कैरीला आंबा. दोन्हीकडे पाटीचा उपयोग विकणाऱ्याच्या सोयीसाठी झाला.

इथवरचा प्रश्न ग्राहक आणि कंपनी यांच्यातला होता. पण धोका खरा गुंतागुंतीचा होतो तो तिसरा माणूस आल्यावर. तो तिसरा माणूस म्हणजे ज्याच्या वतीने दुसऱ्याच कोणीतरी बटण दाबलं.

वेबसाइट बनवणाऱ्यांची गोष्ट घ्या. ब्राउझर कंपन्या नवी सोय पक्की होण्याआधी तिच्या नावापुढे एक शेपटी लावत, ‘वेबकिट’, ‘मोझ’ अशी. अर्थ असा, की हे प्रायोगिक आहे, बदलेल, यावर घर बांधू नका. पण स्मार्टफोन आले, त्यांच्यावर वेबकिटचं राज्य आलं, आणि वेबसाइट बनवणाऱ्यांनी सर्रास त्या वेबकिटच्या शेपटीवरच घरं बांधली. बाकीच्या ब्राउझरांत त्या साइट मोडक्या दिसू लागल्या. साइट मोडकी दिसली की वाचणाऱ्याला वाटतं आपलाच ब्राउझर वाईट. २०१२ मध्ये ऑपेराने हार मानून दुसऱ्याची ही शेपटी ओळखायला सुरुवात केली. २०१६ मध्ये फायरफॉक्सनेही तेच केलं. जे बदलणार होतं, ते बदलता येईना. कारण एव्हाना त्यावर फार लोक विसंबले होते.

माझ्या मते या सगळ्यातली सर्वांत मोठी गोष्ट हीच. पुरेशा लोकांनी भिस्त ठेवली की प्रयोगाचं वचन होऊन बसतं, वचन देणाऱ्याने तोंड उघडलेलं नसलं तरी. कांटच्या सगळ्या गावाने त्याच्यावर घड्याळं लावली असती, शाळेची घंटा त्यावर वाजू लागली असती, तर एखाद्या दिवशी झोपून राहण्याचा त्याचा हक्क तसाच राहिला असता का? कायद्याने राहिला असता. शेजारधर्माने कदाचित नाही.

क्रोमने यातून धडा घेऊन पुढे ‘ओरिजिन ट्रायल’ नावाची पद्धत आणली. नवी सोय काही साइटना ठरावीक मुदतीपुरतीच वापरायला मिळते, मुदत संपली की बंद. आणि एक अजब नियम: क्रोममध्ये उघडल्या जाणाऱ्या एकूण पानांपैकी अर्ध्या टक्क्याहून जास्त पानांवर ती सोय वापरली जाऊ लागली, तर ती आपोआप बंद होते. आपण बनवलेली गोष्ट फार लोकप्रिय झाली म्हणून ती बंद करायची! ऐकायला वेडेपणा वाटतो. पण त्यामागे एक समज आहे. लोक विसंबू लागले की आपण बांधले जाऊ, म्हणून बांधलं जाण्याची तयारी होईपर्यंत कोणाला विसंबू द्यायचं नाही.

मग सगळ्यांनी शहाणपणाने थांबावं का? कॅनरीला हात लावू नये, दुसऱ्यांनी वापरून झाल्यावर आपण घ्यावं? इथे दुसरी अडचण उभी राहते. कोणीच आधी गेलं नाही तर सगळेच एकदम जातात. १९ जुलै २०२४ ला जगाने ते पाहिलं. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने पाठवलेल्या एका सदोष अपडेटने, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, सुमारे ८५ लाख विंडोज संगणक कोलमडले. ती अपडेट ७८ मिनिटांत मागे घेतली गेली, पण तोवर व्हायचं ते झालं होतं. भारतातल्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. ती अपडेट टप्प्याटप्प्याने न जाता सगळीकडे एकदम गेली होती. नंतर कंपनीने ज्या सुधारणा जाहीर केल्या त्यांत एक होती, यापुढे आधी ‘कॅनरी’ टप्पा ठेवू. खाणीत पक्षीच नव्हता, म्हणून सगळे एकदम गुदमरले.

म्हणजे आपल्या फोनवरचा शांत, पक्का ब्राउझर हा कोणाच्या तरी अस्वस्थ ब्राउझरच्या जिवावर पक्का झालेला असतो. ज्यांच्याकडे तो मध्येच बंद पडला, ज्यांनी वैतागून का होईना बग कळवला, त्यांच्या वेळेवर आपण फुकट जगतो. ‘मी कशाला धोका पत्करू’ हे म्हणणं चूक नाही, पण ते म्हणताना आपण कोणाच्या तरी उपकारात आहोत एवढं तरी माहीत असावं.

तर कोणीतरी आधी जायला हवं. कोणी? उत्साही मंडळी जातातच की, असं उत्तर येईल. पण नोव्हेंबर २०१९ मध्ये क्रोमच्या बाबतीत काय झालं पाहा. न दिसणाऱ्या टॅबनी मेमरी खाऊ नये म्हणून केलेला एक बदल बीटात सुमारे पाच महिने चालू होता. स्टेबलच्या एक टक्का लोकांवर महिनाभर चालवून पाहिला होता. तक्रार शून्य. मग तो सगळ्यांसाठी चालू केला, आणि अनेक मोठ्या कंपन्यांतल्या कर्मचाऱ्यांचे ब्राउझर पांढरे पडले. तिथे एकाच सर्व्हरवर अनेक जण काम करतात. त्या रचनेत क्रोमला वाटलं की खिडकी कोणाला दिसतच नाहीये, म्हणून त्याने पानच काढून टाकलं. कॉल सेंटरमधली माणसं काम सोडून बसली. त्यांनी नवी आवृत्ती घेतली नव्हती. ते ‘स्टेबल’वरच होते. बदल दुरून चालू केला गेला होता.

पक्षी ठणठणीत होता. पण तो त्या बोगद्यात नव्हताच.

हाल्डेनच्या पद्धतीतली ही खुबी आपण विसरतो. पक्षी आणि खाणकामगार एकाच हवेत श्वास घ्यायचे. आमच्या धंद्यातले पक्षी मात्र बहुतेक आमच्यासारखेच असतात. नवा फोन, वेगवान नेट, इंग्रजी कीबोर्ड, आणि बिघडलं तर दुरुस्त करायची अक्कल. दोन वर्षं जुना स्वस्त फोन, भरलेली मेमरी, एका काडीचं नेटवर्क आणि मराठी टायपिंग, या बोगद्यात पक्षी कितीसे आहेत? आपल्या मराठीचीच गोष्ट घ्या. ‘ल’ आणि ‘श’ यांची आपली वळणं हिंदीतल्या वळणांपेक्षा वेगळी. ‘दऱ्या’ आणि ‘तऱ्हा’ यांतला अर्धा र आपल्याला लागतो, हिंदीला लागत नाही. ब्राउझरच्या एखाद्या बदलाने हे बिघडलं, तर कच्च्या आवृत्तीत मराठी वाचणारं कोणी असल्याशिवाय ते कळणार कसं? सगळ्यांपर्यंत पोचल्यावर कळेल. म्हणून आपल्यातल्या काहींनी त्या पिंजऱ्यात जाणं हे मला नुसतं हौसेचं काम वाटत नाही.

पण ‘काहींनी’ म्हणजे कोणी, याचं उत्तर मला २०२० मध्ये सापडलं. त्या वर्षी मार्चमध्ये टाळेबंदी सुरू झाली आणि क्रोमने नव्या आवृत्त्या काही काळ थांबवल्या. ८२ क्रमांकाची आवृत्ती आलीच नाही. ८१ नंतर थेट ८३. कुकीजबद्दलचा एक महत्त्वाचा, सुरक्षेसाठी चांगला असा बदल फेब्रुवारीपासून टप्प्याटप्प्याने लागू होत होता. तो एप्रिलमध्ये मागे घेतला, कारण बँका, किराणा, सरकारी सेवा, आरोग्य यांच्या साइट त्या काळात मोडायला नकोत. फायरफॉक्सने जुनाट झालेले टीएलएसचे दोन प्रकार बंद केले होते. ते पुन्हा चालू केले, कारण करोनाची माहिती देणाऱ्या काही सरकारी साइट अजून त्यांवरच होत्या. शक्य तितकी सुरक्षितता आणि शक्य तितकी उपलब्धता यांत त्या आठवड्यांत उपलब्धता जिंकली. लोकांना दुसरं दार उरलं नव्हतं, हे बनवणाऱ्यांना तेव्हा स्पष्ट दिसलं.

माझं म्हणणं असं, की दुसरं दार नसलेली माणसं २०२० च्या आधीही होती आणि आजही आहेत. घरात एकच फोन, त्यावरच शिष्यवृत्तीचा फॉर्म, त्यावरच रेशनचा ओटीपी, त्यावरच मुलीचा अभ्यास. अशा माणसासाठी प्रत्येक दिवस टाळेबंदीचाच. त्याच्या फोनवर आपण हौसेने ‘यात नवीन फीचर आहे रे’ म्हणून बीटा टाकून देतो, तेव्हा धोका आपण ठरवतो आणि भोगतो तो. आईच्या फोनचंही तेच. तिला इशाऱ्याची पाटी दिसलेलीच नसते. दिसला असतो तो आपला चेहरा. आणि तो बायर म्हणतात तसला विश्वास असतो. म्हशीवर ठेवलेल्या भरवशाहून तो फार वेगळा.

आमच्या कामाच्या ठिकाणी नवं काही सोडताना आधी एक टक्का लोकांना देतात. नावं यंत्र निवडतं, त्यांना कोणी विचारत नाही. एकदा चर्चेत एका सहकारी मुलीने विचारलं, “त्या एक टक्क्यात आज फॉर्म भरायचा शेवटचा दिवस असलेला कोणी असला तर?” आमच्यातले सर्वांत अनुभवी गृहस्थ म्हणाले, “असेलच. पण आधी एक टक्क्याला न देता सगळ्यांना दिलं, तर त्या एकासारखे शंभर असतील.” दोघांचंही बरोबर होतं. त्या दिवशी ठरलं ते इतकंच, की नव्या रूपात ‘जुन्या पद्धतीने भरा’ असं एक बटण ठेवायचं आणि शेवटच्या तारखांच्या आठवड्यात काहीच नवं सोडायचं नाही. तत्त्वज्ञानातला तिढा त्याने सुटला नाही. एखाद्याचा फॉर्म वाचला असेल.

मला वाटतं, या प्रश्नाचं माणसाच्या आवाक्यातलं उत्तर याच जातीचं असतं. ज्याच्याकडे दुसरं दार आहे त्याने पहिल्यातून आधी जावं, बग कळवावा, मराठीत टाइप करून पाहावं. पासवर्ड आणि बँक मात्र पक्क्या ब्राउझरात ठेवावी, बॅकअप घ्यावा. ज्याच्याकडे एकच दार आहे त्याच्या दाराशी प्रयोग करू नये, तो हो म्हणाला तरी. आणि बनवणाऱ्याने पाटी लावून हात झटकू नयेत.

खाणीतल्या त्या पिंजऱ्यांचा एक प्रकार फारसा कोणाला माहीत नसतो. त्याला वर ऑक्सिजनचं एक छोटं नळकांडं जोडलेलं असे. पक्षी कोसळला की कामगार पिंजऱ्याचं दार बंद करून नळकांड्याची तोटी उघडत, आणि बरेचदा पक्षी पुन्हा उठून बसे. स्वतःचा जीव धोक्यात असताना, विष भरत चाललेल्या बोगद्यात उभं राहून कोणीतरी ती तोटी फिरवत होतं.